वासाचा वाटाणा

१८ जानेवारी

आई,

मायना लिहिताना तीन कागद फाडले. पहिल्यावर ‘तीर्थरूप’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. दुसऱ्यावर ‘माननीय’, म्हणजे जणू नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार करतेय. तिसऱ्यावर नुसताच स्वल्पविराम. शेवटी तेरा वर्षं जे म्हणत होते तेच लिहिलं. आवडलं नाही तर खोडून टाका.

तुम्ही आता ताईंकडे राहता एवढं कानावर आलं, म्हणून त्यांच्या पत्त्यावर पाठवतेय. माजी सुनेचं पत्र बघून तुमची लेक दारातच ते उघडणार नाही अशी आशा. उघडलंत का, ताई? नमस्कार.

तीन वर्षांनी पत्र म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिला काहीतरी हवं असणार. हवंच आहे. पण आधी कबुली देते. मी तुमच्या घरातून चोरी केली होती.

निघाले त्या दिवशी बॅगेत कपडे कोंबताना तुमच्या कपाटाचा वरचा खण उघडला. का, ते विचारू नका. बियांचं पाकीट उचललं आणि बॅगेत टाकलं. स्वतःची चांगली छत्री विसरले, रोजच्या चपला विसरल्या, आणि हे मात्र घेतलं. इथे आल्यावर ते शिवणाच्या डब्यात तळाला ठेवलं आणि तीन वर्षं त्याच्याकडे बघितलं नाही. परवा बटण शोधताना हाताला लागलं. औषधाच्या दुकानातलं जुनं पाकीट, त्यावर तुमचं अक्षर: ‘वासाचा वाटाणा. जांभळा. आपला.’

‘आपला’ वाचलं आणि खाली बसले.

परत पाठवू का? की लावू? मला लावायच्या आहेत, आई. बाहेर अजून कडाक्याची थंडी आहे. तुम्ही याच दिवसांत घरात, खिडकीशी लावायच्या, कसल्या तरी कागदाच्या नळकांड्यांत. मी चहाचा कप घेऊन तेरा वर्षं तुमच्या मागून गेले, पण एकदाही थांबून बघितलं नाही. इथल्या रोपवाटिकेत विचारलं. तो म्हणाला, “स्वीट पी का? जुनं बी टाकून द्या, नवीन पाकीट घ्या.” मी काही न घेता परत आले.

कसं लावायचं ते लिहाल?

तुमची
(इथेही कागद फाडावा लागेल, म्हणून मोकळं सोडते.)

२९ जानेवारी

आई,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘बिया किती आहेत ते आधी कळव, माफीचं नंतर बघू.’ जिन्यातच वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की तळमजल्यावरचे सायकलवाले काका हातात पाना घेऊन बाहेर आले.

बावीस. दोनदा मोजल्या. तीन जरा चपट्या वाटतात, पण त्यांना मी जमेत धरलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मी दोन खोल्यांत राहते, तिसऱ्या मजल्यावर. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. एक मोठी खिडकी, तिच्यात दुपारी दोनपर्यंत ऊन. काम चष्म्याच्या कारखान्यात, काचा घासण्याचं. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडेला खाच पाडायची, फ्रेम गरम करून काच आत बसवायची. पहिल्या महिन्यात इतक्या काचा फोडल्या की मालकीणबाई मला ‘फुटाणी’ म्हणायच्या. आता अवघड काम आलं की म्हणतात, “फुटाणीकडे द्या.” बढती झाली, नाव तेच राहिलं.

बाकी ठीक आहे. खरंच ठीक आहे.

९ फेब्रुवारी

आई,

चार पानं! ती पाठ झाली आहेत.

तर, घर विकलं आणि तिथल्या बागेत नवीन लोकांनी फरशी घातली, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मावशींना दिलेल्या बियाही बुरशीने गेल्या, आणि ताईंच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला कुंडीही ठेवू देत नाहीत, पाय अडकून पडाल म्हणून. म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही दरवर्षी निवडून निवडून ठेवलेला हा वाटाणा आता जगात फक्त माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. हे वाचल्यापासून मी पाकिटाला हात लावायच्या आधी हात धुते.

आणि तिसऱ्या पानावरची ओळ. मधेच, मातीबद्दल सांगताना. ‘थेंब शेवटी लेकाने घातले, निम्मे गालावर.’

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, ते मी घालणार असं तुम्हाला कबूल केलं होतं. आणि तुम्ही दवाखान्यात असतानाच मी निघून गेले. तुमचा लेक वाईट नव्हता, आई. आम्ही दोघं एकमेकांशी इतके नीट वागत होतो की घरात आवाजच राहिला नव्हता. ते सोडून जाणं मला जमलं. पण तुम्ही दारात उभ्या असता तर मी चप्पल काढून परत आत आले असते. म्हणून तुमची पट्टी सुटायच्या आत गेले. यात माझी बाजू काहीच नाही. लिहून ठेवते, एवढंच.

आता बियांचं. तुम्ही सांगितलंत तशा कोमट पाण्यात रात्रभर भिजत घातल्या. सकाळी तेरा टम्म फुगल्या होत्या, नऊ जशाच्या तशा, खडे. ‘न फुगलेल्या कानशीने जराशा घासायच्या, पण बीच्या डोळ्याला धक्का लावायचा नाही, त्याच्या उलट बाजूला.’ आई, हे तर माझंच काम! कारखान्यात नेल्या. काचेची सगळ्यात बारीक कानस घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक बी चिमट्यात धरून घासली. मालकीणबाई भिंग घेऊन मागे उभ्या. “नंबर काय आहे हिचा?” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नऊपैकी आठ फुगल्या.

वर्तमानपत्राची नळकांडी केली, लाटण्यावर गुंडाळून. लांबच लांब, कारण मूळ सरळ खाली धावतं आणि त्याला वाकायला लावलेलं आवडत नाही. तुमचाच स्वभाव. सायकलवाल्या काकांनी सुटे भाग ठेवायचा पत्र्याचा ट्रे दिला. एकवीस नळकांडी त्यात उभी आहेत. न फुगलेली एक, तीही एका कोपऱ्यात खुपसली. कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

आई! आई! आई!

आली!

सतरा दिवस काही नाही. रोज सकाळी दात घासत ट्रेसमोर उभी राहायचे. माती उकरून बघायची नाही अशी तुमची सक्त ताकीद, म्हणून हात पाठीमागे बांधून. आज सकाळी मातीला तडा, आणि तड्यातून हिरवं काहीतरी मान खाली घालून वर येतंय, परीक्षेला उशिरा आलेल्या मुलीसारखं. संध्याकाळी परत आले तर चार!

जिन्यावरून ओरडले. काका वर आले. एका कानाने त्यांना ऐकूच येत नाही, त्यामुळे त्यांना वाटलं आग लागली. पाण्याची बादली घेऊन आले. मग दोघं ट्रेपुढे उकिडवे बसलो. “वाटाणा आहे,” ते म्हणाले. मी सांगितलं, खायचा नाही हं, विषारी असतो, नुसता वासाचा. त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “मग चालेल.”

५ मार्च. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. नऊ झाली! बाकीच्या आता येतील असं वाटत नाही. जुनं बी. पण नऊ, आई. त्या नऊपैकी पाच कानशीवाल्या आहेत, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगून झालंय.

आता जरा रागवायचं आहे. तुमच्या मागच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ‘मुळं’ शब्दावर ‘खिडकी’ लिहिलीत. तुमचं अक्षर मला माहीत आहे, ते असं नाही. चष्मा कधीचा आहे? ऑपरेशनच्या आधीचाच ना? मग तो तुमच्या डोळ्यांचा चष्माच नाही, दुसऱ्याच कुणा बाईचा आहे म्हणा. ताईंना सांगा, तपासून नंबर लिहून आणा आणि मला पाठवा. माझं ऐकायची सक्ती नाही. पण मी फुटाणी आहे, अवघड काम माझ्याकडेच येतं.

२३ मार्च

आई,

आज वाईट बातमी आहे, आधी तीच सांगते. नऊची सहा झाली.

दोष कुणाचाच नाही, किंवा माझाच. रोपांना चार-चार पानं आली होती. तुम्ही लिहिलं होतं, आता शेंडा खुडायचा. मी कात्री घेऊन चार दिवस नुसती बसले. इतक्या कष्टाने आलेलं, त्याचं डोकं उडवायचं? शेवटी डोळे मिटून एकेक खुडला आणि शेंड्यांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना काकांनी मला मदत म्हणून ट्रे बाहेर ठेवला, ऊन खायला. वारा सुटला. ट्रे उलटला.

मी आले तेव्हा ते पायरीवर बसले होते, ट्रे मांडीवर. नळकांडी परत उभी केलेली, माती हाताने भरलेली. तीन रोपं बुडाशी मोडली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या सासूबाईंना मी स्वतः लिहितो.” मी म्हटलं, नको, मी लिहीन, त्या आधी रागावतात आणि मग काय करायचं ते सांगतात. त्यांनी त्या मोडलेल्या तीन काड्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या होत्या, हाड मोडल्यावर बांधतात तशा. जगणार नव्हत्याच. पण त्या पट्ट्या बघून माझा राग कुठे गेला कळलं नाही.

सहा रोपं ठीक आहेत. खुडल्या जागी दोन्ही बाजूंनी नवे फुटवे येतायत, तुम्ही म्हणालात तसेच.

सगळं सांगून झालं. रागवा.

७ एप्रिल

आई,

तुम्ही रागावला नाहीत. त्याऐवजी लिहिलंत, ‘पहिल्या वर्षी माझ्याकडे दोनच जगली होती, तू श्रीमंत आहेस.’ हे पत्र मी कामावर घेऊन जाते.

पण पत्राच्या शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर देते. हो, सायकलवाले काका माझ्या पत्रांत बऱ्याचदा येतात. तुम्ही मोजलंत, पाचपैकी चार पत्रांत, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. आई, त्यांचं वय बहात्तर आहे! ट्रे त्यांचा, वारा त्यांच्या दारातला, म्हणून ते येतात. मी मजेत एकटी आहे. कुणी आलंच कधी, तर पहिलं पत्र तुम्हाला. आता रेघा पुसा.

चष्मा पाठवला आहे. तुमच्या नंबराच्या काचा मी स्वतः घासल्या, पहिली जोडी मनासारखी झाली नाही म्हणून दुसरी केली. फ्रेम हलकी आहे, नाकावर वळ उठणार नाहीत. लावलात की आधी लांबचं बघा, मग जवळचं. जिना उतरताना पहिले दोन दिवस कठडा धरा. आणि कळवा. नाही कळवलंत तर काकांना पत्र लिहायला लावीन.

२२ एप्रिल

आई,

तीन पानं, आणि एकही ओळ दुसरीवर चढलेली नाही.

तुम्ही लिहिता, ताईंच्या भिंतीला तडे आहेत ते दिसले, जावईबापूंना टक्कल पडतंय ते दिसलं, आणि आरशात दिसलेल्या म्हातारीला तुम्ही ‘कोण पाहिजे?’ असं विचारलंत. ताईंना मात्र वाटतं, आता तुम्ही एकट्या खाली उतराल. उतरा. कठडा धरून.

रोपं बाहेर लावली. आठवडाभर रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची सवय लावली आणि रविवारी दुकानाच्या उन्हाच्या भिंतीशी, एका गळक्या जुन्या टबात हलवली. काकांनी सायकलच्या चाकाच्या तारा भिंतीवर जाळीसारख्या ठोकल्यात. वेलांच्या कुरळ्या तंतूंनी दुसऱ्याच दिवशी त्या पकडल्या, घट्ट, लहान मूल बोट पकडतं तशा. माळ्यांनी हसावं अशी ती जाळी आहे. पण सहाही चढतायत.

एक विचारायचं आहे. चार दिवस विचार करतेय, सरळ लिहिते. फुलं येतील तेव्हा तुम्ही याल? पलंग तुमचा, मी खाली झोपेन. तुमच्या लेकालाही मी कळवलंय. त्याचं उत्तर आलं, आम्ही दोघं अजूनही किती नीट वागतो बघा: ‘आईची मर्जी असेल तर माझी हरकत नाही. तिला गार वाऱ्याचा त्रास होतो, स्वेटर हाताशी ठेव.’ ते वाचून त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटलं.

१९ मे

आई,

कळी काल गाठीसारखी होती. आज फूल उमललं.

जांभळं. वरची पाकळी गडद, खालच्या जवळजवळ काळ्या, उन्हात धरलं तर कडेला लाल. तुमचंच. वाकून वास घेतला आणि तुमचं स्वयंपाकघर आलं, तो पाण्याचा ग्लास, त्यात पाच देठ, तुम्ही रेडिओशी भांडताय. एवढ्या लांबून, एवढ्याशा पाकळीतून, सगळं तसंच्या तसं.

लवकर या. आत्ताच या. बसचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. अकरा वाजताच्या गाडीला पायऱ्या कमी उंचीच्या असतात, मी विचारून आले.

१४ जून

ताई,

तुम्ही काल फोनवर विचारलंत, “आई चार दिवसांसाठी गेली होती, आज एकविसावा दिवस आहे, तिथे चाललंय तरी काय?” आणि आई मागून ओरडल्या, “डोकं दुखतंय म्हणून सांग.” मी तसं सांगितलं. ते खोटं होतं. तुमच्याशी खोटं बोलून मला बरं वाटत नाही, म्हणून खरं लिहिते. शक्यतो बसून वाचा.

बसमधून उतरल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पाया पडायला वाकले, त्यांनी खांदे धरून उभं केलं आणि म्हणाल्या, “बारीक झालीस. आधी वेल दाखव, मग रडू.” वेलापुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. एकेक फूल हातात धरून उलटंपालटं केलं. मग “हाच,” म्हणाल्या. एवढंच. नंतर आम्ही दोघी त्या टबाच्या कडेवर बसून पोटभर रडलो, आणि काका आतून चहा घेऊन आले, बघितलं, आणि चहासकट परत गेले.

या वेलाचं असं आहे, ताई, की फुलं रोज तोडावी लागतात. दोन दिवस सोडली की शेंगा धरतात आणि वेलाला वाटतं काम झालं. एका वेलावरच्या शेंगा आईंनी बियांसाठी राखल्या आहेत, त्याला लाल दोरा बांधलाय आणि कुणालाही हात लावू देत नाहीत. बाकी पाच वेलांची फुलं रोज दोन-तीन जुड्या होतात. माझ्या दोन खोल्यांत ग्लास संपले. मग आई फुलं वाटायला निघाल्या. कारखान्यात, न्हाव्याकडे, बसथांब्यावर. चालून पाय दुखायला लागले. आणि याच्या पुढच्यासाठीच मी तुम्हाला बसून वाचा म्हटलं.

काकांकडे एक तीनचाकी सायकल पडून होती, मागे टोपली असलेली. ती न्यायला कधी कुणी आलंच नाही. आईंनी विचारलं, “ही पडते का?” काका म्हणाले, “पाडायची ठरवली तरी पडत नाही.” आई म्हणाल्या, “मला लहानपणी शिकू दिली नव्हती. भाऊ शिकले, मी बघत बसले.” काकांनी ऐकू येणारा कान पुढे केला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग आत जाऊन तेलाचा डबा आणला.

तीन दिवस गल्लीत शिकवणी चालली. काका एका बाजूने चालत, मी दुसऱ्या. पहिल्या दिवशी आई भिंतीवर गेल्या, हळूच. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत. काका म्हणाले, “समोर बघा.” आई म्हणाल्या, “समोर बघते म्हणूनच भीती वाटते, आधी दिसतच नव्हतं.” तिसऱ्या दिवशी वळणाशी आम्ही दोघांनी सायकलवरचे हात काढले. त्यांना कळलं नाही. त्या आमच्याशी बोलत-बोलत तशाच पुढे गेल्या, अख्खी गल्ली. टोकाला पोचल्यावर मागे बघितलं, आम्ही लांब उभे. ताई, तुमच्या आई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि लगेच खाली घेतले, कारण सायकल चालायला लागली होती. त्यांचं असं हसणं मी तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

पडतील ही तुमची भीती मला कळते. काल तुम्हाला नाही कळवलं, कारण तुम्ही अकराच्या गाडीने येऊन त्यांना घेऊन गेला असता, आणि तो तुमचा हक्कच आहे. पण शेंगा वाळायला अजून सहा आठवडे लागतील. तोवर राहू दे त्यांना. मी रोज दोनदा फोन करीन. डोळ्यांत थेंब घालायची वेळ आलीच, तर या खेपेला मी इथे आहे.

खाली त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत. पेन ओढून घेतायत.

बाळा, डोकं दुखत नव्हतं. ब्रेक डाव्या हाताला असतो, हे मला परवा कळलं. भाऊ कधी बोलले नाहीत. तू रागावून ये, नाहीतर तशीच ये, पण ये. मागची टोपली मोठी आहे, फुलं मांडीवर घेऊन बस, मी बाजारापर्यंत नेते. घंटी मी वाजवणार.

आई